शिखरांना बगल देणारी वाट : ब्रेंता डोलोमाइट्स

"तार धरून चढायचं, तर त्याला चढणं का म्हणायचं?" सह्याद्रीत दोरावर वाढलेल्या कुणालाही व्हिया फेराटाबद्दल विचारलं की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. कड्यावर पोलादी तार आधीच ताणलेली, अवघड जागी शिड्या, पाय ठेवायला लोखंडी खुंट्या. आरोहकाने शोधायचं काय उरलं? आल्प्समध्ये अशा शेकडो वाटा आहेत, आणि त्यांतल्या अलीकडच्या बऱ्याच वाटा मला आजही पटत नाहीत. झुलते पूल, गरज नसताना ओव्हरहँगवरून, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळावरून नेलेल्या शिड्या, शेवटी फोटोची जागा. इटलीतल्या ब्रेंता रांगेतली व्हिया देल्ले बोक्केत्ते मात्र वेगळ्या जातीची आहे. ती कुठल्याही शिखरावर जात नाही. एका खिंडीतून दुसऱ्या खिंडीत, सुळक्यांच्या कमरेवरून आडवी चालत राहते. तिच्यासाठी मी भारतातून निघालो.

सोबत भाची होती. ती म्युनिकला शिकते, तिथल्या कृत्रिम भिंतीवर चढायला शिकली आणि आता बव्हेरियातल्या कड्यांवर स्वतः लीड करते, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढते. तिने आधीच बजावलं होतं, "मामा, फेराटा म्हणून हलक्यात घेऊ नकोस. नकाशावर ती वाट कितीतरी लांब दिसते."

पहिला दिवस : काम्पील्यो ते टकेट निवारा

म्युनिकहून रेल्वेने ब्रेन्नर खिंड ओलांडून त्रेंतो, तिथून बसने मादोन्ना दि काम्पील्यो. गाव १,५२० मीटरवर, हिवाळ्यात स्कीइंगवाल्यांचं. गावातून ग्रोस्तेची केबल कार तुम्हाला थेट २,४४० मीटरच्या आसपास नेऊन सोडते, आणि दार उघडताच वेगळीच भूमी समोर येते. हिरवळ संपलेली, सगळीकडे फिकट पांढुरका खडक, पावसाच्या पाण्याने खाऊन खाऊन भेगाळलेला.

आदिजे नदीच्या पश्चिमेला असलेली डोलोमाइट्सची ही एकमेव रांग. त्यामुळे तिचे शेजारी निराळे आहेत. दरीपलीकडे आदामेल्लो-प्रेसानेल्लाचा काळसर, ग्रॅनाइटसारखा खडक आणि त्यावर हिमनद्या. अलीकडे हे उभे, पिवळट-राखाडी बुरूज. पूर्ण वाट चालताना उजव्या हाताला तो काळा पर्वत सोबत राहतो, आणि दिशा चुकायची भीती उरत नाही.

ग्रोस्तेहून टकेट निवाऱ्याला जाणारी ३१६ क्रमांकाची पायवाट सोपी आहे. दमलेल्या पायांनी पहिल्याच दिवशी तार धरायची नाही, असं आमचं ठरलं होतं. निवारा २,२७२ मीटरवर, कास्तेल्लेत्तोच्या भिंतीला जवळजवळ चिकटून. दोन इमारती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. एक त्रेंतोच्या गिर्यारोहकांच्या संस्थेने, एस.ए.टी.ने, बांधलेली, दुसरी बर्लिनच्या जर्मन गिर्यारोहकांनी. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि इटालियन बोलणाऱ्यांनी की जर्मन बोलणाऱ्यांनी डोंगरावर घर बांधायचं, ही चुरस चालू होती. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलली, घरं राहिली.

निवाऱ्याचे नियम कडक आणि समजूतदार. बूट बाहेरच्या खोलीत, आत सपाता. झोपायला स्वतःची चादरीची पिशवी हवीच. रात्री दहाला शांतता. या खडकात पाणी मुरून जातं, त्यामुळे वर ते मौल्यवान. पिण्याचं बाटलीतलं विकत घ्यावं लागतं. जेवायला मिळालेले स्त्रांगोलाप्रेती, म्हणजे पाव आणि पालकाचे उकडलेले गोळे, वर वितळलेलं लोणी, शाकाहारी माणसाला पुरेपूर भरवतात.

दुसरा दिवस : पाऊस

पहाटेपासून पाऊस. आम्ही तिथेच राहिलो. तार ओली, खडक ओला आणि दुपारी विजांचा इशारा. अशा दिवशी लोखंडाच्या शिडीवर असण्यात कसलंही शौर्य नाही. आमच्यासारखेच दहा-पंधरा जण लाकडी बाकांवर नकाशे पसरून बसले होते.

भाचीने दोघांचे फेराटा संच, म्हणजे कमरेला बांधून तारेत अडकवायच्या पट्ट्या, टेबलावर काढले आणि आम्ही शिवण न् शिवण तपासली. ही गोष्ट सह्याद्रीतल्या मित्रांसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्यातले कितीतरी अनुभवी लोक "साधी स्लिंग आणि दोन कॅरॅबिनर पुरे" असं म्हणतात, म्हणजे नुसती शिवलेली पट्टी आणि दोन उघडझाप होणाऱ्या कड्या, आणि ते जिवावर बेतू शकतं.

लीड करणारा पडला, तर बाहेर असलेल्या दोराच्या फार तर दुप्पट पडतो. चार मीटर दोर, आठ मीटर पडणं. पडण्याची उंची भागिले दोराची लांबी, हा आकडा दोनच्या वर जात नाही. शिवाय दोर ताणला जातो आणि धक्का गिळतो. फेराटावर तसं होत नाही. उभ्या तारेवर हात सुटला की कॅरॅबिनर तारेवरून घसरत, तार खडकाला जखडणाऱ्या खालच्या खुंटीपर्यंत येतो. खुंटी चार मीटर खाली असेल, तर एक मीटरच्या पट्टीवर पाच-सहा मीटर पडणं. आकडा थेट पाचाच्या वर. असा झटका साध्या स्लिंगने घेतला, तर स्लिंग तुटते. नाही तुटली तर कंबर मोडते. म्हणून फेराटाच्या संचात घडी घालून शिवलेली पट्टी असते. झटका बसला की तिची शिवण उसवत जाते आणि त्यात धक्का जिरतो. २०१७च्या युरोपीय मानकानुसार हे संच ४० ते १२० किलोच्या माणसासाठी तपासले जातात. एकदा शिवण उसवली की संच टाकून द्यायचा.

आणि संच शाबूत असला तरी पडणारा माणूस वाटेतल्या खुंटीवर, शिडीच्या पायरीवर आपटतोच. २०१२ मध्ये ऑस्ट्रियात एका आरोहकाच्या संचाच्या दोन्ही लवचीक पट्ट्या तुटल्या आणि तो दगावला. पट्ट्या वापरून वापरून झिजल्या होत्या. त्यानंतर बऱ्याच उत्पादकांनी आपले संच परत मागवले. भाडोत्री संच घ्यायची वेळ आली, तर त्याचं वय आणि वापर विचारल्याशिवाय घेऊ नये.

दोरावर आपण पडायला शिकतो. पडण्याची भीती घालवणं हा आपल्या शिक्षणाचा भागच आहे. फेराटावर मात्र पडायचं नाही. कड्यावरचा सगळा अनुभव गाठीशी घेऊन येणाऱ्याला आधी हा बदल डोक्यात करावा लागतो. चढाई सोपी असते. पण प्रत्येक पाऊल दोर नसल्यासारखं टाकायचं.

रात्री पाऊस थांबला. खिडकीबाहेर चांदण्या दिसल्या आणि तापमान उतरलं.

तिसरा दिवस : बोक्केत्ते आल्ते

बोक्केत्ते आल्ते म्हणजे या वाटेचा वरचा, उंचावरचा भाग. सहाला निघालो. टकेट खिंडीकडे (२,६४८ मीटर) जाणाऱ्या घळीत हिमनदीचा उरलेला तुकडा आहे. रात्रीच्या थंडीने बर्फ कडक झाला होता, म्हणून बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे काटे, चढवले. फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाचं नाव या खिंडीला आहे. १८६०-७० च्या सुमारास हे इंग्रज स्थानिक वाटाड्यांना घेऊन इथल्या खिंडी ओलांडत होते. थोडी दक्षिणेला असलेली ब्रेंता खिंड आयरिश गिर्यारोहक जॉन बॉलने १८६४ मध्ये मोल्वेनोच्या बोनिफाचो निकोलुस्सीबरोबर ओलांडली. निकोलुस्सीसारख्यांची नावं लिहून ठेवली गेली, हे या प्रदेशाचं चांगलं आहे. आपल्याकडे गावातला वाटाड्या मागे राहिला आणि नोंदीत चढणाऱ्याचंच नाव आलं, असं फार वेळा घडलं.

खिंडीतून शिड्या सरळ वर जातात. पहिली तार हाताला लागली तेव्हा गोठलेली होती; हातमोजे नसते तर कातडी सोलली असती. हेल्मेट, हातमोजे, हार्नेस, संच, आणि माझ्या पिशवीत तीस मीटरचा बारीक दोर. फेराटावर दोर कशाला, असं खाली कुणीतरी विचारलं होतं. चिमा ब्रेंता शिखराच्या अंगावरची एक नाळ बर्फाने भरलेली होती आणि तिथे तार बर्फाखाली गाडलेली. दोर सोडला, भाचीला बिले दिला, म्हणजे ती चालताना तिचा दोर धरून ठेवला, मग तिने माझा. त्या पन्नास पावलांत तीन तास शिड्या चढण्यापेक्षा जास्त लक्ष लागलं.

भाची जोरदार चढते, पण भिंतीवरची सवय म्हणून हातांवर भार टाकते. "तार ओढू नकोस," मी म्हटलं, "ती कॅरॅबिनरसाठी आहे. हात खडकावर ठेव, वजन पायांवर." तिने ऐकलं, आणि तासाभराने म्हणाली, "मामा, खडक चांगला आहे रे! मी तारेकडेच बघत होते." खरंच चांगला आहे. डोलोमाइटला बारीक, टोकदार खाचा असतात, बोटांना ठाम लागतात. काही ठिकाणी मी नुसताच संच अडकवून, तारेला स्पर्शही न करता चढलो, आणि तिथे मला खराखुरा आनंद झाला. अनुभवी माणसासाठी या वाटेवर चढाई आहे. तार बाजूला ठेवून ती घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

वाट चिमा ब्रेंताच्या पूर्व अंगाला रुंद कपारींवरून फिरते. ही रांगेतली सध्याची सर्वोच्च मानली जाणारी जागा, ३,१५१ मीटर. पूर्वी हा मान चिमा तोसाचा होता. तोसाच्या माथ्यावरची हिमटोपी वितळत गेली आणि ती शेजारणीपेक्षा बुटकी झाली.

पुढे स्काला देल्यी आमीची ही शिड्यांची माळ, आणि तिच्यानंतर मास्सोदीच्या खांद्यावर जवळपास ३,००० मीटरची उंची. इथे वारा कापत होता. थांबलो ते शेंगदाण्याची चिक्की चघळण्यापुरते. पिवळ्या चोचीचे चफ पक्षी पायाशी येऊन बसले.

उतरताना लांब उभ्या शिड्या आहेत आणि माझ्या मते दिवसातला अवघड भाग तोच. चढताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाने शोधावी लागते. दर खुंटीला थांबायचं, एक कॅरॅबिनर सोडून खाली लावायचा, तो मिटला की नाही पाहायचं, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच सुटे नकोत. दोन खुंट्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं आणि दमल्यावर हात यंत्रासारखा चालायला लागतो. तेव्हाच मोठ्याने बोलून करायचं. "सोडला." "लावला." आम्ही एकमेकांना ऐकवत उतरलो.

आर्मी खिंडीखालच्या बर्फावरून आलिमोंता निवाऱ्याला (२,५८० मीटर) पोचेपर्यंत दोन वाजले होते. चारला गडगडाट सुरू झाला. खिडकीतून पाहिलं, तर मागून येणारा तिघांचा गट ओल्या बर्फावरून धावत उतरत होता. ते सुखरूप आत आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाईंनी काही न विचारता त्यांच्यासमोर सूप ठेवलं.

चौथा दिवस : बोक्केत्ते चेंत्राली

चेंत्राली म्हणजे वाटेचा मधला भाग. हा दिवस मी कधी विसरणार नाही.

पुन्हा आर्मी खिंडीत (२,७४९ मीटर) चढून, शिड्यांनी खडकावर, आणि मग तोर्रे दी ब्रेंताच्या अंगावर पहिली कपार. इथून ब्रेंता खिंडीपर्यंत जवळजवळ सगळं आडवं आहे. कुठे दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंदी, कुठे बूट जेमतेम मावतो. काही ठिकाणी वरचा खडक इतका खाली येतो, की वाकून, पिशवी सांभाळत सरकावं लागतं. आणि डाव्या पायाखाली सरळ शेकडो मीटर काही नाही.

तांत्रिकदृष्ट्या इथे अवघड असं काही नाही. मग ही वाट जगभर का गाजते? उत्तर खडकाच्या थरांत आहे. ब्रेंता मुख्यतः वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात थरावर थर साचून बनली. थर अजूनही बहुतांशी आडवे आहेत आणि मऊ थर झिजून कपारी तयार झाल्या आहेत. माणसाने फार थोडं केलं. निसर्गाने आखलेली रेघ ओळखली, जिथे ती तुटली तिथे शिडी लावली, तार ताणली. आपला सह्याद्री पार वेगळ्या जन्माचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण तोही आडव्या थरांचा. अलंग-मदनच्या पोटातून कातळकड्याला चिकटून ट्रॅव्हर्स मारलेल्या माणसाला ब्रेंताच्या या कपारींवर पायाखालचं काही परकं वाटत नाही. भाचीपेक्षा इथे मी अधिक मोकळा चाललो, तो त्यामुळेच.

१९३० च्या दशकात एस.ए.टी.च्या आर्तुरो कास्तेल्ली आणि जोव्हान्नी स्त्रोबेले यांनी हे काम सुरू केलं. डोलोमाइट्समधल्या अनेक फेराटा पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी टाकलेल्या शिड्या-दोरांवर उभ्या आहेत. ही तशी नाही. सुळक्यांवर चढायला येणाऱ्यांना पायथ्याशी पटकन पोचता यावं, म्हणून ती बांधली. शिखरं आरोहकांची, लोखंड खिंडींपुरतं, हे तेव्हाच ठरलं, आणि पुढे दशकानुदशकं वाट वाढत गेली तरी ते मोडलं गेलं नाही.

याचा अर्थ काम्पानिले बास्सोसमोर उभं राहिलं की कळतो. २,८८३ मीटरचा हा सुळका खिंडीतून एकदम सामोरा येतो, चारी बाजूंनी तुटलेला. १८९७ मध्ये कार्लो गार्बारी, नीनो पूली आणि आंतोनियो ताव्हेर्नारो माथ्याच्या अगदी जवळ पोचून परतले. आपल्याहून वर कोण जाईल, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी बाटलीत ठेवली. दोन वर्षांनी इन्सब्रुकचे ओट्टो आम्पफेरर आणि कार्ल बेर्गर वर गेले. आम्पफेरर पुढे मोठा भूवैज्ञानिक झाला. पर्वत जमिनीच्या पोटातल्या प्रवाहांमुळे घडतात, असं त्याने १९०६ मध्ये मांडलं, प्लेट टेक्टॉनिक्सच्या, म्हणजे सरकत्या भूपट्टांच्या सिद्धांताच्या, कितीतरी आधी.

आणि याच सुळक्याची पूर्व भिंत १९११ मध्ये ऑस्ट्रियन आरोहक पाउल प्रॉइस एकटा, दोर आणि पिटॉनशिवाय, म्हणजे खडकात ठोकायच्या खिळ्यांशिवाय, चढला. पिटॉनच्या वापरावर त्या वर्षी जर्मन भाषिक गिर्यारोहकांत जो मोठा वाद पेटला, त्याच्या केंद्रस्थानी तोच होता. जे चढलात ते उतरताही आलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. तो त्याने इथे पाळून दाखवला. १९१३ मध्ये ऑस्ट्रियात एकट्याने चढताना पडून तो गेला.

मी तारेला अडकलेला होतो आणि समोर ती भिंत होती. वर दोन आरोहक दिसत होते, लाल आणि निळा ठिपका; त्यांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते. वीस-तीस मीटरवर इतकं लोखंड, आणि त्या सुळक्याच्या माथ्यावर जायला एकही शिडी नाही. शंभराहून अधिक वर्षांनीही प्रॉइसची भिंत चढायची, तर चढूनच जावं लागतं.

आपल्याकडे गडांवर रेलिंग आणि शिड्या लागत आहेत. काही ठिकाणी त्या हव्यातच. शिडी घाटाने भीमाशंकरला जाणाऱ्यांना शिड्यांची गरज मी नाकारणार नाही, आणि गर्दीच्या गडावर एक रेलिंग जीव वाचवतं. पण कुठवर, हे आधी ठरलं पाहिजे. लिंगाणा, वानरलिंगी, तैलबैला यांच्या माथ्यापर्यंत लोखंड जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. हे मी भाचीला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, "पण मग आजीसारख्यांनी वर कधीच जायचं नाही का?" मी म्हटलं, "खिंडीपर्यंत जायचं. खिंडीतूनही दिसतं." तिला ते पूर्ण पटलं नाही आणि आमचा वाद ब्रेंता आल्ताच्या कपारीवरून थेट ब्रेंता खिंडीपर्यंत चालू राहिला.

समोरून येणाऱ्यांना जागा देणं ही या वाटेवरची खरी कसरत. दोन्ही दिशांनी माणसं चालतात. रुंद जागा दिसली की आधी पोचलेल्याने थांबायचं, आतल्या बाजूला सरकायचं, बाहेरून जाणाऱ्याचे दोन्ही कॅरॅबिनर लागेपर्यंत हलायचं नाही. एका वयस्कर इटालियन जोडप्याने आम्हाला असंच थांबवून ठेवलं, वाट दिली आणि खाली दूर दिसणारा ब्रेंतेई निवारा दाखवला. ब्रूनो देतास्सिस हा इथला थोर मार्गदर्शक. कितीतरी वर्षं त्याने तो निवारा सांभाळला आणि २००८ मध्ये तो गेला. त्या दोघांनी त्याच्या हातचं जेवण जेवलं होतं, हे ते फार अभिमानाने सांगत होते.

मुक्काम तोसा-पेद्रोत्ती निवाऱ्यात, २,४९१ मीटरवर.

पाचवा दिवस : मोल्वेनोकडे

पूर्वेकडे लांब उतार. आधी दगड, मग खुरटे पाइन, मग सेल्व्हाता आणि क्रोत्स देल्लाल्तिस्सिमोच्या निवाऱ्यांवरून बीचचं दाट जंगल. क्रोत्सची प्रचंड भिंत डोक्यावर येते तेव्हा मान मोडेपर्यंत वर पाहत राहिलो. जंगलात अस्वलांबद्दल सूचनाफलक आहेत. इथली तपकिरी अस्वलं जवळजवळ संपली होती. १९९९ ते २००२ मध्ये स्लोव्हेनियातून दहा अस्वलं आणून सोडली आणि त्यांची प्रजा वाढली. मोठ्याने बोलत चालावं, कुत्रा मोकळा सोडू नये, पिल्लं दिसली तर मागे फिरावं, असं फलक सांगतात. आम्ही मोठ्याने बोलतच होतो, कारण वाद संपला नव्हता.

मोल्वेनोच्या तळ्यात पाय बुडवले. तिथून त्रेंतोला बस मिळते.

कुणाला जायचं असेल, तर निवारे साधारण २० जून ते २० सप्टेंबर उघडे असतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. जुलैच्या मध्यापर्यंत क्रॅम्पॉन आणि हलकी आइस-अ‍ॅक्स लागतेच. नंतरही आल्तेसाठी निवाऱ्यात विचारून ठरवावं. हवामान बिघडणार असेल, तर टकेटहून आलिमोंताला खालून जाणारी सोसात वाट आहे, तीही तारेची पण उंचीला कमी. पहिल्यांदाच फेराटा करणाऱ्याने आल्ते टाळावी आणि चेंत्राली करावी, तीही वाटाड्याबरोबर. ज्यांना दोरावर पाच-सहा पिचेस, म्हणजे दोराच्या लांबीचे टप्पे, चढायची सवय आहे, त्यांनी एक दिवस जास्त ठेवावा. काम्पानिले बास्सोची नेहमीची वाट अवघडपणाच्या चौथ्या श्रेणीची आहे आणि भाचीने पुढच्या ऑगस्टसाठी ती ठरवून टाकली आहे, दोघांच्या नावाने.